बुडीसरांची नळी

बुडीसर कुणाशीही बोलायला लागले की आधी त्याच्या नाकाकडे बघत. नुसतं बघत नसत, मापत. नाकाचं हाड, गालांची उंची, कपाळाची रुंदी असा फेरा पुरा झाला की मग नमस्कार. आमच्या कॉलेजात नवे प्राचार्य रुजू झाले तेव्हा सगळा स्टाफ रांगेत उभा होता. सरांनी प्राचार्यांना हार घातला, दोन पावलं मागे सरकले आणि शेजारच्या शिपायाला हळूच म्हणाले, "ह्यांच्या तोंडाला काच बसायची न्हाय. मिश्या काढाय लागतील." सरांचं हळू म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत. प्राचार्यांनी मिशा ठेवल्या, आणि सर पुढेही बरीच वर्षं डेमॉन्स्ट्रेटरच राहिले. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं आम्ही विद्यार्थी ठामपणे मानत होतो.

काच म्हणजे पाण्याखाली बघायचा चष्मा. बेळगावच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत. त्यात पांढरे पडलेले मासे, तारामासे, समुद्रकाकड्या. सर त्या पुसून ठेवत, आमच्या जर्नलमधल्या आकृत्या तपासत, आणि म्हणत, "हे सगळं मेल्यावरचं हाय. माणूस कसा हाय हे बघाय तुमी मसणात जाता काय?" कुणी पुस्तकातलं वाचून माशाबद्दल लांबलचक बोलायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं : "आधी बुडी, मग बडबड." त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं; ते आम्हांला कधी लागलं नाही. ते मात्र सगळ्या मुलांना अण्णा आणि मुलींना आक्का म्हणत.

सर निपाणीजवळच्या एका खेड्यातले. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील दगडाच्या खाणीवर. घर बौद्ध. दीक्षा घेतली, देव्हारा गेला, घराला नवा रंग आला, पण गावच्या विहिरीत या घरातल्या पोरांनी उडी टाकायची नाही हा कायदा मात्र होता तसाच राहिला. दगड काढून झाल्यावर जो खड्डा उरतो त्यात पावसाचं पाणी साचतं. त्याला आमच्याकडे खण म्हणतात. सर त्या खणीत पोहायला शिकले. तिथंच त्यांनी पारा उडालेल्या आरशाची काच पाण्यावर टेकवून पहिल्यांदा खाली बघितलं, आणि खाली एक बेडूक त्यांच्याकडे बघत होता. हे ते वर्गात हसत सांगायचे. "विहिरीनं घेतलं न्हाय, म्हणून खणीत गेलतो. खणीत गेलतो म्हणून समुद्रापत्तुर पोचलो. त्या गावकीचे लई उपकार हायत माझ्यावर." आम्ही हसायचो. माझ्यासारख्या वकिलाच्या घरातल्या मुलीला त्यात हसू येऊ नये असं काही आहे, हे कळायला वेळ लागला.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होते. सरांनी त्या हिवाळ्यात ठरवलं की सहलीला जाऊन मेलेले मासे बाटलीत भरून आणायचे नाहीत, जिवंत बघून यायचे. समुद्राच्या पृष्ठभागावर पालथं पडून, तोंडात नळी धरून, काचेतून तळ बघत तरंगायचं. याला लागणारं सामान परदेशी आणि महाग. सर म्हणाले, खडेबाजारात काय मिळत नाही? आणि खरोखरच सगळं खडेबाजारात मिळालं. फोटोला चौकट करणाऱ्याकडून जाड काचेचे लंबगोल तुकडे, पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब, विजेच्या सामानाच्या दुकानातून पाइप. ट्यूब कापून तिच्यात काच बसवायची आणि वरून पत्र्याची पट्टी आवळायची. पाइपात वाळू भरून तो शेगडीवर गरम करायचा, म्हणजे वाकतो पण मोडत नाही. तोंडात धरायच्या टोकाला प्रयोगशाळेतल्या बर्नरची रबरी नळी. त्या महिन्यात कॉलेजातले तीन बर्नर बंद होते. चौकटवाला कन्नड बोलणारा, तो काच कापता कापता विचारायचा, "कुणाचा फोटो, सर?" सर म्हणायचे, "माशाचा." तो मान डोलवायचा. गिऱ्हाईक कुठलंही असो, मान डोलवायची त्याची रीत होती.

पहिली चाचणी मच्छे गावाच्या पलीकडच्या एका जुन्या खणीत झाली. रविवार होता. आम्ही सातजण आणि तयार झालेली नळी एकच. सरांनी काचेवर थुंकी लावून चोळली, म्हणजे वाफ धरत नाही, मग नळी तोंडात धरून खणीला एक चक्कर मारून आले. बाहेर येऊन त्यांनी ती माझ्यापुढे धरली. त्यांच्या तोंडातून निघालेली, ओली नळी. मी म्हटलं, "सर, माझा दात दुखतोय."

आमच्या घरात उष्ट्याचा नियम फार कडक होता. एकाच्या पेल्याला दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. मी स्वतःला हेच सांगितलं की भावाची नळी असती तरी मी घेतली नसती. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं काय होतं ते मला माहीत होतं. सर म्हणाले, "लवंग धरा दातात, आक्का. बरं वाटंल." आणि नळी पुढच्या मुलाला दिली. त्यानं ती सदऱ्यानं तीनदा पुसली. पुढच्या रविवारी सर सात नळ्या घेऊन आले. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर शाईनं नाव. माझ्या हातात माझी देताना ते एवढंच म्हणाले, "ही फकस्त तुमची." मी ती घेतली, खणीत उतरले, आणि त्या हिरव्या पाण्यात मला काहीही दिसलं नाही. काचेच्या आतच पाणी होतं.

जानेवारीत आम्ही आंबोलीच्या घाटानं वेंगुर्ल्याकडे उतरलो आणि तिथून पुढे किनाऱ्यावरच्या एका लहान वस्तीत गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांना नावं ठेवायला नकोत. वस्ती मासेमारांची, वीस-पंचवीस घरं. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली खडकांची एक रांग होती. ओहोटीला तिचे माथे उघडे पडत. पुरुष होड्या घेऊन जात, बायका मासे पाटीत घालून बाजारात विकत. गावात ज्याचा शब्द चालायचा तो भिवा तांडेल, म्हणजे मोठ्या होडीचा प्रमुख. साठीचा, काटक, कमी बोलणारा. त्याची बायको पार्वती त्याच्या वाट्याचं बोलून टाकायची.

आम्ही मुली पंजाबी ड्रेसवर ओढण्या कंबरेला आवळून पाण्यात उतरलो. मी पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा नळीतून ओरडले, आणि नळीतून ओरडलं की खारं पाणी पोटात जातं. खाली एक बाजार भरला होता. पिवळे पट्टेवाले मासे घोळक्यानं चालले होते, एक जाडा मासा कपारीच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होता, खडकाला चिकटलेली फुलं मिटत होती आणि उघडत होती. दोन वर्षं ज्यांच्या आकृत्या काढल्या ते सगळे रंगीत होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाण्यात रडले. ते सोयीचं असतं, कुणाला कळत नाही.

संध्याकाळी खडकांच्या दुसऱ्या टोकाला धडाम असा दबका आवाज झाला आणि पाणी हातभर उसळलं. मला वाटलं होडी आपटली. सर मात्र वाळूवर जागच्या जागी उभे राहिले, तोंडातला घास तसाच. थोड्या वेळानं मासे वर आले, पांढरी पोटं करून, शेकड्यांनी. दोन होड्यांतली माणसं ते झोळण्यांनी गोळा करत होती. खाणीत दगड फोडायला वापरतात त्या जिलेटिनच्या कांड्यांनी हे लोक खडकावर सुरुंग लावत होते. आम्ही सकाळी जो बाजार बघितला तो त्यातच गेला.

रात्री जेवणं झाल्यावर सर तांडेलाच्या अंगणात जाऊन बसले. आम्ही मागे. तांडेल म्हणाला, "मास्तर, तुमी घाटावरचे. तुमका दर्याचा काय कळता? मोठे यांत्रिक बोटी येतत, सगळा खरवडून नेतत. आमच्या जाळ्यात काय एक येणा नाय. पोरांनी खावचा काय?" त्यात खोटं काही नव्हतं. सर म्हणाले, "मला दर्याचं न्हाय कळत, अण्णा. सुरुंगाचं कळतं. माझ्या बापाचा उजवा हात मनगटापास्नं ह्येनंच नेला. मी आठ वर्साचा हुतो. हात शोधाय मलाच पाठवलंतं." पार्वती आत गेली. मग कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "तुमचा आडनाव काय मास्तर? कुठले तुमी?" सरांनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि विचारायच्या आधीच जातही सांगून टाकली. त्यांची ती पद्धत होती. पुढच्या माणसाला आडवळणं घ्यायची तसदी ते देत नसत.

सुरुंग थांबला नाही. त्या गावानं आम्हांला हाकललंही नाही. परतताना गाडीत सर म्हणाले, "त्यांचं खरं हाय. पोट हाय. पर त्यांनी खालचं कवा बघितलंच न्हाय. जल्माला आल्यापास्नं दर्यावर, आणि सगळा दर्या वरनंच." खाऱ्या पाण्यात उघड्या डोळ्यांना सगळं धूसर दिसतं, बुडी मारणारे होते, पण तळ नीट पाहिलेला माणूस त्या वस्तीत एकही नव्हता. "त्या तांडेलाला खाली बघाय लावायचं," सर म्हणाले. "त्यानं एकदा बघितलं की झालं."

पुढच्या जानेवारीत मी कॉलेजात नव्हते, हिंडलग्याच्या शाळेत शिकवत होते. तरी सरांनी निरोप पाठवला : आक्का, या. त्या वर्षी सीमाप्रश्नावरून बंद होता आणि गाड्या सुटत नव्हत्या. प्राचार्यांनी सहल रद्द झाल्याची नोटीस लावली. सरांनी ती वाचली, सुकी मासळी उतरवून रिकामा परत निघालेला एक ट्रक गाठला, आणि आम्ही पाचजण त्या वासात बसून घाट उतरलो. घरी आल्यावर आईनं मला आठ दिवस स्वयंपाकघरात घेतलं नाही, हे आलंच.

आता सरांकडे पंधरा काचा होत्या. त्यांनी पोरांपासून सुरुवात केली. ते काही शिकवत नसत, उलट विचारत. पोरगं वर आलं की, "काय बघितलंस? त्याला तुमच्यात काय म्हणत्यात?" पोरांना ताटातल्या माशांची नावं ठाऊक होती, जिवंत मासा वेगळाच दिसायचा, त्यामुळे भांडणं व्हायची. "गोबरो असो नसता!" "असोच असता, मी बघलंय!" हा सगळा गोंधळ सर वहीत उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी बायका गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या राहिल्या. पुरुष लांबून बघत होते.

तिसऱ्या दिवशी सर नळी आणि काच घेऊन भिवा तांडेलाकडे गेले. सगळी वस्ती जमली होती. सरांनी आधी स्वतः पाण्यात जाऊन दाखवलं, मग नळी तांडेलापुढे धरली. तांडेलानं तिच्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि गालावर हात ठेवून म्हणाला, "नको मास्तर. दाढ दुखता माझी."

मी पुढे झाले आणि माझी नळी काढून दिली. नाव लिहिलेली, माझी स्वतःची. "ही घ्या, आजोबा. ही वेगळी आहे." तांडेलाचा हात गालावरून खाली आला आणि पुढे झाला. मला आनंद झाला, त्याची आजही लाज वाटते. सरांनी मध्येच ती नळी घेतली आणि माझ्या गळ्यात अडकवली. "दाढ दुखतीया त्यांची," ते म्हणाले. "राहू द्या. बरी झाली की बघतील."

त्या दिवशी मी सरांशी भांडले. आयुष्यात कुणाही शिक्षकाशी भांडले नव्हते तेवढी. खडक रोज मरतोय, म्हातारा बघायला तयार झाला होता, आणि तुम्ही मानपानात अडून बसलात, असं मी तोंडावर बोलले. "आणि त्यांची दाढ दुखत नाही, सर."

"म्हाईत हाय की," सर म्हणाले. "तुमचाबी दात दुखत नव्हता. त्या रविवारी तुमी शेंगा फोडून खाल्ल्या, नळी नको म्हनल्यावर दहा मिंटात."

वर्षभर त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी मला नाव घालून वेगळी नळी करून दिली होती. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "तुमची नळी दिली असती तर त्यांनी मासं बघितलं असतं, आणि वर येऊन माझ्याकडं बघितलं नसतं. मग उपयोग काय, आक्का? सुरुंग कवा लावता येतो? पलीकडं जे हाय ते आपलं कोन न्हाय, असं वाटलं की लावता येतो. माझ्या हातातली नळी घ्यायची न्हाय आणि माशाची दया करायची, हे जमायचं न्हाय. तुमच्या येळंला मी तुमच्यापुढं वाकलो. तवा तुमी लहान हुता. आता वाकायचा न्हाय."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पूर्ण आजही पटत नाही. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकटे खडकांच्या पलीकडच्या टोकाला बघायला गेले, आणि ते पाण्यात असतानाच तिकडे कुणीतरी सुरुंग टाकला.

ते स्वतः पोहत बाहेर आले. डाव्या कानातून रक्त वाहत होतं आणि ते सरळ रेषेत चालू शकत नव्हते. होडी कुणाची होती, कुणी सांगेना. पुरुष होड्यांआड उभे राहिले. पार्वतीनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून सरांचं डोकं बांधलं आणि नवऱ्याकडे एकदाही न बघता म्हणाली, "सुरुंगाचो बोमको एवढो पडलो, कोणाक काय म्हायत नाय. आंधळो गाव." सर वाळूवर बसून होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पलीकडच्या कपारीतल्या माशांबद्दल. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात पार्वतीनं वाळूत पडलेली सरांची नळी उचलली. धुतली नाही, पुसली नाही. तशीच तोंडात धरली, काच डोळ्यांना लावली आणि लुगडं खोचून खडकांकडे गेली. छातीभर पाण्यात तोंड घालून ती वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही. आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "हय पोरां आसत," ती म्हणाली. "तांबोशीची, गोबऱ्याची. बोटाएवढी, मुठीएवढी. खडपात लपान बसलीहत. आणि तिकडे सुरुंग पडलो थंय पांढऱ्या वाळवेत पोरांचीच रास. कोण खावचो नाय ती. वर पण येणत नाय."

हे कुणाला माहीत नव्हतं. वर तरंगतो तो मोठा मासा. ज्यांची पुढच्या वर्षीची मासळी व्हायची ती पिल्लं तळाशीच राहत आणि कुजत. पार्वतीचं सगळं आयुष्य मासे चिरण्यात आणि त्यांची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, काढण्यात गेलं होतं. पिल्लू म्हणजे काय हे तिला समजावायची गरज नव्हती. तिनं एकामागून एक बाईला ती नळी दिली. कुणाची दाढ दुखली नाही.

संध्याकाळी त्या बायकांनी जे ठरवलं ते आम्हांला सुचलंच नसतं. मासा पकडणारा पुरुष, पण बाजारात तो विकणारी बाई. सुरुंगाचा मासा हाताला लगेच कळतो, पोट मऊ आणि काटा मोडलेला. पार्वती अंगणात उभी राहून म्हणाली, "सुरुंगाचो मासो आमी पाटयेत घेवचाव नाय. तुमी मारा, तुमीच डोक्यावर घेवन बाजारात जावा, तुमीच ओरडा." पुरुषांनी दोन दिवस हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी मासे होडीतच वास मारायला लागले. बाजारात बसून मासे विकायला एकही पुरुष तयार होईना. तेवढा मान त्यांना सुरुंगाहून प्यारा होता.

बेळगावला परतल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की सरांच्या डाव्या कानाचा पडदा गेला आहे. पाण्यात तोंड घालायचं नाही, पुन्हा कधीच. हे ऐकून सर म्हणाले, "डोळं तर शाबूत हायत न्हवं?" पण त्या वर्षी ते खडेबाजारात फारसे दिसले नाहीत. मी भेटायला गेले की बाटल्या पुसत बसलेले असत. कुणाच्या नाकाकडे बघतही नव्हते. तो काळ माझ्यासाठी वाईट होता. मला वाटायचं, मी भांडले नसते तर ते दुसऱ्या दिवशी एकटे गेले नसते.

जानेवारी आला आणि सरांची पिशवी भरलेली होती. "मला पाण्यात जायचं न्हाय," ते म्हणाले. "काठावर बसायला कुठल्या डाक्टरची ना हाय?"

वस्तीत पोचलो तेव्हा तिथे सुरुंग बंद होऊन वर्ष होत आलं होतं. पोरं सरांभोवती गोळा झाली. ओहोटीला उघड्या पडलेल्या एका खडकावर सर बसले, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात. पोरं खाली बघून येत आणि सांगत. सर वहीत लिहीत. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते, कारण डावीकडून बोललेलं त्यांना पोचत नव्हतं. एकदा त्यांनी पाण्याकडे तोंड नेलं, अगदी नाक टेकेपर्यंत, आणि मग मागे घेतलं. मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी भिवा तांडेल आला. गेल्या वर्षभरात म्हातारा झाला होता. कंबरभर पाण्यातून चालत तो खडकाजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर. त्या दिवशी होडी माझी होती."

"म्हाईत हाय," सर म्हणाले.

"कोणी सांगितल्यान?"

"कुणी न्हाय. तुमच्या होडीचा रंग पाण्याखालनंबी दिसतो की."

तांडेलानं मान खाली घातली. "मी बघलंय नाय तुमका. आईशप्पत."

"मी हुतो हे तुमाला दिसलं न्हाय," सर म्हणाले. "मासंबी तसंच दिसलं न्हाईत."

लाट आली, गेली. मग तांडेलानं हात पुढे केला आणि म्हणाला, "बसा तुमी हय. मी बघून येतंय. काय दिसता ता तुमका सांगतंय." सरांनी गळ्यातली नळी काढून त्याच्या हातात दिली. त्यांची स्वतःची, जिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तांडेलानं ती तोंडात धरली. सर उठून उभे राहिले, काच त्याच्या चेहऱ्यावर नीट बसवली, मागचा पट्टा ओढला, नाकाच्या बाजूनं बोट फिरवून फट राहिली नाही ना ते बघितलं. साठ वर्षं दर्यावर काढलेला तो माणूस लहान पोरासारखा गप्प उभा होता.

तो पालथा झाला आणि खडकांवरून हळूहळू पलीकडच्या टोकाकडे गेला. पाण्यावर फक्त नळीचं टोक आणि पाठ दिसत होती. सरांनी वही मिटली. तांडेलाची होडी तिकडेच उभी होती, तिच्यात त्याचा मोठा मुलगा जाळं आवरत होता. बराच वेळ गेला. काठावरच्या बायका उभ्या राहिल्या. पार्वती पाण्यात दोन पावलं आली आणि थांबली.

मग तांडेलाचं डोकं वर आलं. मला वाटलं तो आमच्याकडे वळेल, सरांना काही सांगेल. त्यानं आमच्याकडे बघितलंच नाही. काच कपाळावर ढकलून तो होडीकडे वळला आणि मुलाला ओरडून काहीतरी म्हणाला. मुलगा गोंधळून नुसता बघत राहिला. तेव्हा तांडेल स्वतःच होडीजवळ गेला, दोर धरला, आणि खडकात अडकलेला नांगर हातानं अलगद सोडवायला लागला.

"काय म्हनला?" सरांनी मला विचारलं.

"म्हणाला, नांगर काढ, लांब वाळूत टाक. खाली पोरं आहेत."

सरांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. "परत सांगा," ते म्हणाले.

त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. मी परत सांगितलं.